‘आद्य’ कोणाचे?

कॅनडाच्या ग्रामीण नगरांवरील इंग्रजी लेखनात ‘पायोनियर’ हा शब्द पदोपदी भेटतो. मराठीत त्याच्यासाठी आपण बिनदिक्कत ‘आद्य रहिवासी’ असे म्हणून टाकतो. आमचे भांडण या एका शब्दापासून सुरू होते. भाषांतरातील किरकोळ सैलपणा म्हणून तो सोडून देता आला असता. परंतु या ‘आद्य’ने एका संपूर्ण प्रदेशाच्या इतिहासाची पहिली पाने फाडून टाकली आहेत, आणि कॅनेडियन साहित्य शिकताना-शिकवताना आपणही ती फाटलेली प्रतच प्रमाण मानत आलो आहोत.

उदाहरणादाखल मॅनिटोबा प्रांतातील नीपावा हे नगर घेऊ. 2021च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या साडेपाच हजारांच्या थोडी वर आहे. कादंबरीकार मार्गारेट लॉरेन्स यांचा जन्म 1926 साली येथे झाला, आणि त्यांच्या कादंबऱ्यांतील ‘मॅनावाका’ हे काल्पनिक गाव मुख्यतः याच भूमीवर उभे आहे. नगर म्हणून नीपावाची नोंद 1883ची. रूढ कथा अशी, की ऑन्टारिओहून आणि स्कॉटलंड-आयर्लंडहून कष्टाळू माणसे आली, त्यांनी माळरान नांगरले, चर्च बांधले, शाळा काढली, शेतकी मंडळ स्थापले आणि शून्यातून गाव उभे केले. गंमत अशी, की या ‘शून्याला’ आधीच नाव होते. ‘नीपावा’ हा शब्दच मुळी तेथील मूलनिवासींच्या भाषेतला, आणि त्याचा अर्थ विपुलता असा सांगितला जातो. ज्यांची भाषा गावाच्या पाटीवर आहे, ती माणसे गावाच्या इतिहासात मात्र प्रस्तावनेपुरतीच उरतात.

आम्ही कष्ट नाकारत नाही. उणे तीस अंशांच्या हिवाळ्यात गवताळ मातीच्या ढेपांनी बांधलेल्या घरात मुले वाढवणाऱ्या बायकांची थट्टा करण्याइतके आम्ही कृतघ्न वाचक नाही. आमचा आक्षेप कष्टांना नसून, कष्ट हीच मालकीची सनद होती या समजुतीला आहे. सनद निराळीच होती. 1871 साली पहिल्या दोन क्रमांकित तहांनी दक्षिण मॅनिटोबातील भूमी राजसत्तेकडे गेली. 1872च्या डोमिनियन लँड्स कायद्याने दहा डॉलर शुल्क, ठरावीक वर्षांचे वास्तव्य आणि मशागत एवढ्या अटींवर 160 एकर जमीन मिळू लागली. त्याच्याही आधी, 1869-70च्या रेड रिव्हर उठावानंतर झालेल्या मॅनिटोबा कायद्यात मेटी लोकांच्या मुलांसाठी चौदा लाख एकर जमीन राखून ठेवण्याचे वचन होते. मेटी म्हणजे मूलनिवासी आणि युरोपीय अशा दुहेरी वंशातून घडलेला स्वतंत्र समाज. ते वचन राजसत्तेच्या इभ्रतीला साजेशा रीतीने पाळले गेले नाही, असा निर्वाळा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो 2013 साली. एकाला तीन वर्षांत पट्टा, दुसऱ्याला एकशे त्रेचाळीस वर्षांनी निर्वाळा. याला ‘निसर्गाशी झुंज’ म्हणायचे काय?

आता वळू या नगरांच्या अभिमानाच्या दुसऱ्या विषयाकडे, सामुदायिक मंडळांकडे. ग्रामीण कॅनडाचे सार्वजनिक जीवन या मंडळांनी घडवले यात शंका नाही. 1897 साली ऑन्टारिओतील स्टोनी क्रीक येथे पहिली ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. मतदानाचा हक्क नसलेल्या शेतकरी स्त्रियांना तिने सभा चालवायला, ठराव मांडायला, हिशेब ठेवायला शिकवले. मॅनिटोबात 1916 साली, इतर सर्व प्रांतांच्या आधी, स्त्रियांना प्रांतिक मताधिकार मिळाला, त्यामागे स्त्रियांच्या अशा संघटित कामाची पुण्याई होती. पुढे ऑन्टारिओतील याच संस्थांनी ‘ट्वीड्सम्युअर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्राम-इतिहासाच्या वह्या चिकाटीने जमवल्या. असे दस्तऐवज जपणाऱ्यांचे ऋण कोणताही अभ्यासक मान्यच करील.

परंतु त्याच काळात, त्याच देशात, दुसऱ्या काही माणसांचे एकत्र येणे हाच गुन्हा होता. 1884च्या दुरुस्तीने पश्चिम किनाऱ्यावरील ‘पॉटलॅच’ हा सामूहिक दान-समारंभ बेकायदा ठरला. 1895 साली ती बंदी अशी रुंदावली, की माळरानावरील समाजांचे विधीही तिच्या कचाट्यात आले. 1885च्या उठावानंतर राखीव भूमीबाहेर पडायला अधिकाऱ्याची चिठ्ठी लागू लागली, आणि तीही कायद्याचा कसलाच आधार नसताना. 1927 साली जमिनीच्या दाव्यांसाठी वर्गणी गोळा करण्यावर निर्बंध आले. विधींवरील आणि वर्गणीवरील हे निर्बंध 1951 पर्यंत टिकले. म्हणजे एका बाजूला चर्चच्या छपरासाठी केक विकून पैसे जमवणे हा नागरी सद्गुण, आणि दुसऱ्या बाजूला स्वतःच्या भूमीसाठी वकिलाची फी जमवणे हा अपराध! ‘त्या लोकांत संघटनेची वृत्तीच नव्हती’ असे मागाहून कोणी म्हणू लागला, तर त्याच्यासमोर ही सनावळी ठेवावी. समुदाय-भावना हा एखाद्या वंशाचा उपजत गुण नव्हे. ती फुलू देण्याचा वा चिरडण्याचा अधिकार कायद्याच्या हाती होता.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यातून काय घ्यायचे? नॉर्थ्रॉप फ्राय यांची 1965 मधील ‘गॅरिसन’ मनोवृत्तीची मांडणी आणि मार्गारेट अ‍ॅटवुड यांचे 1972 चे ‘सर्व्हायव्हल’ ही दोन सूत्रे आपल्याकडे कॅनेडियन साहित्याच्या बहुतेक टिपणांची आधारशिला झाली आहेत. अफाट, निर्दय निसर्ग आणि त्यापुढे तग धरणारा माणूस हे चित्र परीक्षेला फार सोयीचे. पण गढी केवळ थंडीसाठी बांधत नाहीत. भिंतीपलीकडे माणसे होती, हे सूत्राच्या सोयीसाठी विसरायचे काय? अ‍ॅटवुड यांच्या पुस्तकात मूलनिवासींवर प्रकरण आहे खरे. परंतु तेथे ते मुख्यतः इतरांच्या लेखनातील प्रतीक म्हणून येतात, स्वतः लिहिणारे म्हणून नव्हे.

लॉरेन्स यांना हे उमगले होते. 1950च्या दशकात सोमालीलँड आणि गोल्ड कोस्ट येथे राहताना त्यांनी वसाहतवाद जवळून पाहिला, आणि ती नजर घेऊन त्या आपल्या गावाकडे वळल्या. ‘द स्टोन एंजल’ (1964) मधील हेगर शिप्ली हिच्या घराण्याचा मानाचा बिल्ला तिचा मुलगा एका मेटी मुलाच्या चाकूच्या बदल्यात देऊन टाकतो. दहा वर्षांनी ‘द डिव्हायनर्स’ मध्ये तोच बिल्ला आणि तोच चाकू पुन्हा समोरासमोर येतात. गावाचा इतिहास तेथे सांगतो कोण? गावाचा कचरा वाहणारा ख्रिस्ती लोगन. आणि त्याच घटना जूल्स टोनेर हा मेटी पुरुष अगदी उलट्या बाजूने सांगतो. टोनेर कुटुंबाचे खोपट वेशीबाहेर आहे. गावकुसाबाहेरचे लेखन वाचलेल्या मराठी वाचकाला या रचनेचा अर्थ फोडून सांगावा लागू नये.

तरीही आमचे म्हणणे लॉरेन्सपाशी थांबत नाही. सहानुभूती कितीही सच्ची असली, तरी ती साक्षीची जागा घेऊ शकत नाही. मारिया कॅम्पबेल यांचे ‘हाफब्रीड’ हे मेटी आत्मकथन 1973 साली, म्हणजे ‘द डिव्हायनर्स’च्या एक वर्ष आधी, आले. सरकारी रस्त्याकडेच्या पट्ट्यांत झोपड्या घालून राहणारे बेदखल लोक त्यात स्वतः बोलतात. पोलिसांकडून झालेल्या बलात्काराचा मजकूर त्यातून प्रकाशकाने वगळला होता. तो छापून आला 2019च्या आवृत्तीत. फाटलेल्या पानांविषयी आम्ही आरंभी बोललो ते अलंकार म्हणून नव्हे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अभ्यासक्रमात ‘द स्टोन एंजल’ असेल तेथे ‘हाफब्रीड’ही असावे, आणि पूर्ण आवृत्तीत असावे. ग्राम-इतिहासांच्या वह्या वाचाव्यात, पण त्यांच्या शेजारी तहांची कलमेही ठेवावीत. आणि मराठीत लिहिताना ‘आद्य रहिवासी’ हा शब्द ज्यांचा आहे त्यांना परत द्यावा. जे नंतर आले त्यांना ‘वसाहतकार’ म्हणावे. त्यात शिवी नाही. फक्त क्रम बरोबर आहे.