बंद दालन आणि उघडा रस्ता

सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये उठलेल्या लढ्यात पाच शेतकरी पोलीस गोळीबारात हुतात्मा झाले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या मागणीला शासनदरबारी वजन आले. दि. बा. पाटलांसारखे नेतृत्व लाभूनही पनवेल-उरणच्या शेतकऱ्याला रस्त्यावर रक्त सांडावे लागले. धनिकांचे गाऱ्हाणे मात्र बंद दालनात ऐकले जाते.

अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने अशा मध्यस्थांना नोंदणी व खर्चाचा तपशील देणे बंधनकारक केले. आपल्याकडे तसा कायदा नाही. आमदारापुढे गाऱ्हाणे मांडणे हा प्रत्येकाचा हक्कच आहे. परंतु कोण कोणास, कशासाठी भेटला, याची नोंदवही विधानभवनात जनतेसाठी खुली असावयास नको काय?