भिलाई कारखान्याचे रिपोर्ट क्लाउडवर नेण्याबाबत निवेदन

दिनांक : 9 फेब्रुवारी 2026

प्रति,
माननीय कार्यकारी संचालक,
मुख्य कार्यालय, नागपूर.

द्वारा : कारखाना व्यवस्थापक, भिलाई.

विषय : सर्व्हरवरचे सर्व रिपोर्ट 1 एप्रिलपासून क्लाउडवर नेण्याच्या आदेशात बदल करण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून भिलाई कारखान्यातील लेखा, स्टोअर, डिस्पॅच व टाइम ऑफिसमधील आम्ही कर्मचारी हे निवेदन सादर करीत आहोत.

आमचा क्लाउडला विरोध नाही, हे आधीच लिहून ठेवतो, कारण मागच्या बैठकीत तसा समज झालेला दिसला. आपल्या सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर 2016 आहे आणि त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार 14 जुलै 2026 रोजी संपतो. त्यानंतर सुरक्षेची दुरुस्ती आपोआप मिळणार नाही. आपले रिपोर्ट ज्यावर चालतात त्या रिपोर्टिंग सर्व्हिसेसची तर 2025च्या आवृत्तीबरोबर नवी आवृत्ती काढलेलीच नाही. शिवाय लेखा विभागामागच्या खोलीतले ते यंत्र फाउंड्रीची धूळ खात कसे तग धरून आहे, याचे आम्हांलाच नवल वाटते. ते जायलाच हवे. हरकत आहे ती तारखेला, आणि रिपोर्ट रोज वापरणाऱ्यांना न विचारता ते हलवण्याला.

भिलाई इस्पात संयंत्राची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव पाळ्यांवर चालते. आपला कारखानाही त्याच वेळा पाळतो. सी शिफ्ट रात्री दहाला लागते, सकाळी सहाला सुटते. पहाटे सव्वापाचच्या सुमारास सुपरवायझर रात्रीच्या हीटचा रिपोर्ट काढतो आणि त्यावरून ए शिफ्टचे मोल्डिंग ठरते. आता क्लाउडचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असते. सव्वापाचला आपल्याकडे मंगळवार उजाडलेला असतो, पण तिथे सोमवारच्या रात्रीचे पावणेबारा वाजलेले असतात. रिपोर्टच्या फॉर्म्युल्यात ‘आजची तारीख’ घेतलेली आहे. क्लाउडवरच्या रिपोर्टच्या चाचणीत नेमके हेच झाले. त्या रात्रीऐवजी तिच्या आदल्या रात्रीच्या हीट, आदल्या रात्रीचे वजन, सगळे नीटनेटके छापून आले. रिपोर्ट कोरा आला असता तर कुणीतरी ओरडले असते. आकडे भरलेले असल्यामुळे चूक लक्षात यायला शेजारी हीट रजिस्टर उघडावे लागले. नागपुरात जे प्रात्यक्षिक झाले ते सकाळी अकराला झाले, आणि अकरा वाजता तारीख बरोबरच येते! म्हणून तारीख व वेळ यांवर चालणारा प्रत्येक रिपोर्ट भारतीय वेळेला बांधून घ्यावा आणि त्याची तपासणी पहाटे, सी शिफ्टच्या सुपरवायझरसमोर व्हावी, ही आमची पहिली मागणी आहे.

दुसरी गोष्ट पगारपत्रकाची. कामगारांच्या हिंदी स्लिपा कृतिदेव फॉन्टमध्ये आहेत आणि मास्टरमधली नावेसुद्धा त्याच पद्धतीने भरलेली आहेत. क्लाउड सेवेत आपला फॉन्ट टाकता येत नाही, त्यामुळे नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. नुसता फॉन्ट बदलून हे सुटणार नाही, मूळ नोंदीच युनिकोडमध्ये आणाव्या लागतील. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. तेव्हा प्रत्येक नाव ज्याचे त्याला वाचायला देऊन त्याची सही घ्यावी. भविष्य निर्वाह निधीच्या कागदांत एका अक्षरासाठी माणसाला किती खेपा माराव्या लागतात, हे टाइम ऑफिसला चांगले ठाऊक आहे.

डिस्पॅचचे काम नेटवर टांगू नये. आज नेट बंद असले तरी चलन, गेटपास आणि कास्टिंगबरोबर द्यायचे टेस्ट सर्टिफिकेट आतल्या नेटवर्कवर छापून निघते. उद्या केबल तुटली की धर्मकाँट्यावर भरलेला ट्रक उभा, आणि संयंत्राच्या गेटवर मिळालेली वेळ हुकलेली. ई-वे बिलाला नेट लागतेच, हे मान्य. पण तेवढ्याला मोबाइलचे नेट पुरते. हे तीन कागद कारखान्यातच छापण्याची सोय कायम ठेवावी. डेटाबेस काही काळ इथेच राहणार आहे, म्हणजे क्लाउडवरचा रिपोर्ट गेटवेच्या यंत्रातून माहिती ओढणार. ते यंत्र बंद पडले की सगळेच रिपोर्ट अडतील. त्यासाठी एखादा जुना डेस्कटॉप न देता यूपीएसवरची दोन यंत्रे जोडीने द्यावीत.

लॉगिनबाबत थोडेच. प्रत्येक वापरणाऱ्यामागे दरमहा पैसे पडतात म्हणून चार सुपरवायझरांत एक लॉगिन द्यायचे घाटत आहे, असे कानावर आले. तसे करू नये. कोणी काय पाहिले, काय काढले, याचा माग मग राहत नाही आणि चौकशीची वेळ आली की चौघेही आरोपी ठरतात.

कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात आणि 2022च्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशोबांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई व चेन्नई इथे 2015पासून केंद्रे आहेत. आपली माहिती कुठे राहणार, हे करारातच लिहून घ्यावे, नंतर ठिकाण बदलणे किचकट असते. मागील वर्षांचे रिपोर्ट नव्या जागी उघडतात की नाही याची खात्री होईपर्यंत जुना सर्व्हर मोडीत काढू नये.

राहिली तारीख. 31 मार्चला वर्षअखेर, त्यातच स्टॉक मोजणी आणि पाठोपाठ लेखापरीक्षण. त्याच आठवड्यात रिपोर्टची जागा बदलली तर आकडा का जुळत नाही, जुनी चूक की नवी, हे कोणालाच सांगता येणार नाही. एप्रिल, मे व जून हे तीन महिने जुने आणि नवे रिपोर्ट शेजारी शेजारी चालवावेत, दर महिनाअखेरीस लेखा व स्टोअर यांनी ते ताडून सही करावी आणि 1 जुलैपासून नव्यावर जावे. तरीही काम 14 जुलैच्या आत बसते.

तरी 1 एप्रिलचा आदेश स्थगित ठेवून, निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी 28 फेब्रुवारीपूर्वी भिलाईत येऊन एक सी शिफ्ट आमच्याबरोबर काढावी व त्यानंतर सुधारित वेळापत्रक लेखी द्यावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
लेखा, स्टोअर, डिस्पॅच व टाइम ऑफिस विभागांतील कर्मचारी,
भिलाई कारखाना

(सह्यांचे पान सोबत जोडले आहे.)