बॅटरी बदलण्याआधी गळती शोधा



हायब्रीड म्हटले की आपल्याकडच्या जुन्या माणसांना अजून ज्वारीच आठवते. 1964 साली सी.एस.एच.-1 हे संकरित वाण आले आणि हायब्रीडच्या भाकरीला चव असते की नाही, यावर पारापारावर वर्षानुवर्षे वाद रंगला. तसे पाहिले तर आपला को 86032 ऊसही संकरच. पण आता हायब्रीड चार चाकांवर बसून दारात येऊ लागली आहे. मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर, होंडा सिटी यांच्या पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या 2022 साली बाजारात आल्या. त्याच वर्षी 11 डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. आपल्या मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा भागातून हा रस्ता जातो. मुले पुण्या-मुंबईला नोकरीला, येणे-जाणे वाढलेले. तेव्हा कमी पेट्रोल खाणारी गाडी कोणाला नको?

गाडीबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती बॅटरी बसली की आपण जे करतो त्याबद्दल.

शेतकी विभागात असल्यामुळे आमचे फिरणे गावोगाव. असेच एका सभासदाच्या दारी गेलो तर ते वैतागून म्हणाले, "सायेब, तुमी डिप्लोमावाले, मले एवढं सांगा. गाडी नवी, बॅटरी नवी, मंग बंद कायले पडते?" चौदा महिन्यांत तिसरी बॅटरी! गाडी मुलाने घेतलेली. मुलगा परगावी, गाडी बहुतेक गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. आठवडी बाजाराला सहा किलोमीटर जायचे आणि परत यायचे, एवढेच तिचे चालणे. एके रात्री दोन वाजता म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली. किल्लीचे बटण दाबले तर दारसुद्धा उघडेना. शेजारच्या पोराने ट्रॅक्टर आणला, गाडी बांधून ओढू म्हणाला. दोर सापडला नाही म्हणून राहिले. शेवटी दुसऱ्याच्या जीपने वाशीम गाठले. म्हातारा वाचला, पण त्या रात्रीपासून घरच्यांचा गाडीवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

दोर सापडला नाही हे चांगलेच झाले. ट्रॅक्टर उतारावर लावायचा, गिअर टाकून क्लच सोडायचा आणि सुरू करायचा, ही आपली जुनी युक्ती येथे चालत नाही. या गाडीला तसा क्लच-गिअर नसतो. उलट पुढची चाके जमिनीवर फिरवत ओढले तर चाकांना जोडलेली विजेची मोटार जनित्रासारखी फिरते आणि आतल्या यंत्रणेचे नुकसान होऊ शकते. अशी गाडी न्यायचीच झाली तर ट्रकवर चढवून न्यावी.

आता मुळाशी जाऊ. या गाडीत बॅटऱ्या दोन. एक मोठी, दीडशे-दोनशे व्होल्टची किंवा त्याहून जास्त. गाडी हलवते ती, आणि इंजिन फिरवून सुरू करते तीही. दुसरी नेहमीची 12 व्होल्टची. ही इंजिन फिरवत नाही. दाराचे कुलूप, दिवे आणि आतले संगणक जागे करणे व मोठ्या बॅटरीचा जोड लावणे एवढेच तिचे काम. पण ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी मुकी. विहीर तुडुंब आहे आणि स्टार्टरची कॉइल जळाली आहे, तशी गत.

या लहान बॅटरीला भरणारा आल्टरनेटर गाडीत नसतो. मोठ्या बॅटरीतून वीज उतरवून तिला दिली जाते, आणि तीही डॅशबोर्डवर 'रेडी' ही अक्षरे लागलेली असतील तेव्हाच. आपले लोक काय करतात? ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबतात, दिवे लागतात, गाणी सुरू होतात, आणि वाटते गाडी चालू आहे. लग्नाच्या मांडवाबाहेर अशी दोन तास गाणी वाजली की बॅटरीचा जीव गेलाच म्हणून समजा.

त्या सभासदाच्या गाडीत मात्र गाणी नव्हती. शहरातल्या दुकानात समोर कॅमेरा आणि गाडी कोठे आहे ते सांगणारे यंत्र बसवले होते आणि दोन्हींची वायर थेट बॅटरीला जोडली होती. इलेक्ट्रिशियनने गाडीला कुलूप लावून अर्धा तास थांबून मीटर जोडले (लगेच पाहून उपयोग नाही, संगणक झोपायला वेळ लागतो), तेव्हा 0.38 अँपिअर वीज वाहत होती. दिसायला किरकोळ. पण चोवीस तासांत नऊ अँपिअर-अवर गेले. 45 अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत रिकामी! बाजाराच्या पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीत हे भरून कसे निघणार? नुसत्या उभ्या गाडीची साधारण गळती 0.05 अँपिअरच्या आत असते. तेवढ्याने बॅटरी पाच आठवडे पुरते, तेही ती नवी आणि पूर्ण भरलेली असेल तर. दोन वायरी काढून चावीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर घेतल्या. चौथी बॅटरी लागली नाही.

आम्हाला यात आपला उसाचा केवडा दिसतो. चुनखडीच्या जमिनीत खोडवा पिवळा पडला की लोक युरियाचे पोते ओततात. खरी उणीव लोहाची, उपाय हिराकस, आणि पैसा गेला युरियात. दुकानदाराला काय, पोते विकले गेले. बॅटरीवाल्याचेही तेच. नवी घातली की गाडी त्या दिवशी सुरू होते, म्हणून आजार गेला असे आपल्याला वाटते. तो आठवड्याने परत येतो.

शिवाय दर वेळी पूर्ण बसलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर धरतात. मग ती कितीही भरा, पहिल्यासारखी होत नाही. त्यात आपला उन्हाळा! पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. गाडी कडुनिंबाखाली लावलेली बरी, कावळ्यांनी घाण केली तरी चालेल. स्मार्ट किल्ली गाडीजवळच्या खुंटीला टांगू नये. ती आणि गाडी आपसात बोलत राहतात आणि वीज जाते. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास 'रेडी' लावून गाडी चालवावी.

दीडशे रुपयांपासून मल्टिमीटर मिळतो. सकाळी गाडी उघडण्याआधी लहान बॅटरी मोजावी. 12.6 असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे बसलेली. 'रेडी' लावल्यावर आकडा 14 च्या आसपास चढला पाहिजे. चढत नसेल तर दोष भरणाऱ्या यंत्रणेत आहे, आणि मग दहा बॅटऱ्या बदलल्या तरी फरक पडणार नाही. भगव्या रंगाच्या जाड वायरींना मात्र हात लावू नये. त्या मोठ्या बॅटरीच्या, जीव घेतील. बॅटरी बदलावीच लागली तर त्याच जातीची घ्यावी. काही गाड्यांत ती मागे डिक्कीत असते आणि तिचा वायू बाहेर नेणारी नळी असते, ती जोडल्याची खात्री करावी.

गाडी बनवणाऱ्यांनाही आम्ही सोडणार नाही. भरलेल्या मोठ्या बॅटरीतून बसलेल्या लहानीला जीव देता येऊ नये, ही रचनेतली खोटच आहे. ह्युंदाईने परदेशात विकलेल्या आयोनिक हायब्रीड गाडीत 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी वेगळे बटण दिले होते. ते दाबले की गाडी सुरू करण्यापुरता दम मिळे. म्हणजे करता येते. आणि किल्लीच्या पोटात लपलेल्या पात्याने दार उघडते ही साधी गोष्ट गाडी देताना मराठीत समजावून सांगायला काय हरकत आहे? त्या रात्री घरात कोणालाच ते माहीत नव्हते.

ट्रॅक्टरची बॅटरी मोठी आणि तिला आल्टरनेटर असतो, पण पावसाळाभर उभा राहून दसऱ्याला पूजेपुरता सुरू होणाऱ्या ट्रॅक्टरची कथा वेगळी नाही. तेथे आधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर आणि अर्थिंगची पट्टी पाहावी.

निकामी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. 2022 च्या नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, तेव्हा नवी घेताना जुनी दुकानातच द्यावी. तिच्यातले ॲसिड आणि शिसे विहिरीजवळ सांडलेले आम्ही पाहिले आहे.

गट कार्यालयात एक मल्टिमीटर ठेवावा, अशी मागणी आम्ही करीत आहोत. तोवर आमच्या मोटारसायकलच्या डिक्कीत एक असतोच. ऊस पाहायला आलो की गाडीही दाखवा.