खोडव्यावर किती दिवस?

मी शिरूरला शिकवतो. शेती दौंड तालुक्यात. त्यामुळे अंतराळाचा विषय निघाला तरी मला ऊस आठवतो.

आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तोडणीला दीड वर्ष लागते. तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटतो तो खोडवा. त्याला बेणे लागत नाही, खर्च कमी. पण नुसत्या खोडव्यांवर शेती ओढणाऱ्याला शिवारात कोणी हुशार म्हणत नाही.

अ‍ॅस्ट्रोसॅट ही आपली अनेक तरंगलांबींत एकाच वेळी पाहणारी पहिली अंतराळ वेधशाळा. 2004 साली मंजुरी, 28 सप्टेंबर 2015 ला उड्डाण. आयुष्य पाच वर्षांचे धरले होते, दहा उलटली. तिच्या उपकरणांत पुण्याच्या आयुकाचा आणि मुंबईच्या टीआयएफआरचा हात आहे, कौतुक रास्तच. पण हा खोडवा आहे. नवी लागण कुठे आहे? पुढच्या मोहिमेसाठी इस्रोने 2018 साली प्रस्ताव मागवले. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने ‘दक्ष’ हा दोन उपग्रहांचा प्रस्ताव आला. तो अजून कागदावरच आहे.

‘आदित्य’ गेला, ‘एक्स्पोसॅट’ गेला, मग तक्रार कसली, असे लोक विचारतात. आदित्य सूर्यापुरता, एक्स्पोसॅट क्ष-किरणांपुरता. अ‍ॅस्ट्रोसॅट थांबली तर तिची जागा घ्यायला कोणी तयार नाही. जमिनीवर मात्र आपण हे करून दाखवले आहे. 1970 पासून उटीची रेडिओ दुर्बीण चालू होती, तेव्हाच गोविंद स्वरूप पुढच्या दुर्बिणीच्या मागे लागले. म्हणून आज शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला जीएमआरटी आहे.

आमच्याकडचा दुसरा आक्षेप: आधी पाणी द्या, तारे नंतर. पण कालव्याखालच्या शेतकऱ्यालाच विचारा. आवर्तनाची तारीख पक्की असेल तर तो थोड्या पाण्यातही पीक बसवतो. कमी चालते, बेभरवशाचे चालत नाही. विज्ञानाचेही तेच. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ 1960 च्या दशकापासून दर दहा वर्षांनी पुढच्या कामांची क्रमवार यादी जाहीर करतात. आपणही तशी यादी करावी आणि मंजूर काय, नामंजूर काय, का, हे कालमर्यादेत सांगावे. याला फार पैसा लागत नाही.

23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान उतरले, तेव्हा माझा वर्ग बाकांवर उभा राहून ओरडत होता. त्यातली काही मुले आता भौतिकशास्त्र घेऊ म्हणतात. ती शिकून तयार होतील, तेव्हा त्यांच्या हाती द्यायचे उपकरण आज ठरायला हवे. ऐनवेळी लागण होत नाही.