पौषातील समुद्र

पौष महिन्यास ‘भाकड’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. लग्ने नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांती नाहीत. उपाध्यायांस विसावा आणि आचाऱ्यांस उसंत. धनुर्मासातील पहाटेचा खिचडीचा नैवेद्य आणि संक्रांतीचा तिळगूळ एवढे वगळले तर घरच्या वडीलधाऱ्यांस या महिन्यात विशेष काही करावयाचे उरत नाही. प्रवासाच्या धंद्यातील मंडळीही असाच एक भाकड काळ मानतात व त्यास ‘ऑफ सीझन’ असे नाव देतात. नाताळ व इंग्रजी नववर्षाची झुंबड ओसरली की, शनिवार-रविवार सोडून, कोकणकिनाऱ्यावरील खोल्या रिकाम्या पडू लागतात. या दोन भाकडांतून एखादे दुभते निघते काय, असा विचार आमच्या घरी गेले काही दिवस चालला आहे. आणि तो अनेक कुटुंबांच्या उपयोगी पडण्याजोगा असल्यामुळे येथे मांडीत आहे.

विचारास चालना दिली ती आमच्या पुतण्याच्या पत्राने. हे चिरंजीव इंग्लंडच्या उत्तर भागात नोकरीस आहेत. त्यांच्या कचेरीतील पोक्त गृहस्थ दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत गोल्फच्या काठ्यांची भली मोठी पिशवी घेऊन पोर्तुगालच्या दक्षिण टोकास, आल्गार्व्ह प्रांतात, आठवडाभर जाऊन राहतात. गोल्फ म्हणजे चार-पाच मैल चालत एक चेंडू अठरा खळग्यांत क्रमाने घालावयाचा खेळ. ज्यांस तो प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्यांस पुण्यास येरवड्याच्या मैदानावर पाहता येईल. इंग्लंडात या दिवसांत खेळाची हिरवळ चिखलाने भरलेली किंवा हिमाने कडक झालेली असते, तर आल्गार्व्हमध्ये लख्ख ऊन पडते. हे ऊन तरी किती? दुपारी जेमतेम १६ अंश! पाटणास भर दुपारी इतका गारठा पडला तर आम्ही शाल शोधू. परंतु सुखदुःखे ही सापेक्ष असतात. तेथे पेनिना म्हणून एक प्रसिद्ध मैदान आहे. ते सर हेन्री कॉटन या नामांकित गोल्फपटूने आखले, १९६६ साली ते खुले झाले, आणि ते उभारले आहे चक्क भाताच्या खाचरांवर. आमच्या कोकणातील शेतकऱ्याने हे ऐकले तर तो कपाळास हात लावील.

पत्रातील खरा मुद्दा निराळाच होता. ही मंडळी सप्टेंबरातच बेत ठरवितात, उन्हाचे, वाऱ्याचे व दराचे कोष्टक मांडतात, आणि गर्दीचा उन्हाळा मुद्दाम टाळतात. “मग आपण समुद्रावर जावयाचे ते नेमके मे महिन्यातच का?” असे त्याने विचारले आहे. त्यास जानेवारीत दहा दिवसांची रजा मिळण्यासारखी आहे. “त्या वेळी आत्याआजीला गुहागरास नेता येईल काय?” हे पत्रातील शेवटचे वाक्य.

आमच्या ती. आत्याने ऐंशी ओलांडली आहे. कोयनेचा भूकंप झाला तो ११ डिसेंबर १९६७ रोजी. त्याच्या आधी दोन वर्षे तिचे लग्न होऊन ती गुहागरास खालच्या पाटात नांदावयास गेली. पाटणच्या घरांत अशी कालगणना अद्याप चालते. यजमान निवर्तल्यावर ती माहेरी आली, वाडी दिरांकडे राहिली, आणि पुढे गुहागरास जाणे झाले ते कोणाच्या ना कोणाच्या कार्यासाठी, उभ्या उभ्या. अलीकडे कित्येक वर्षे तेही नाही. मे महिन्यातील घामाघुमी व घाटातील उकाडा तिच्या प्रकृतीस मानवणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट बजावले आहे. आणि आम्हा इतरांस सुट्टी तेवढी मे महिन्यातच. ती स्वतः कधी मागत नाही. मात्र तिकडचा कोणी भेटला की वाडीतल्या विहिरीस पाणी किती आहे, हा तिचा पहिला प्रश्न असतो.

आता मे महिन्याच्या पक्षास बोलावयाचे ते आंबा. आंब्यापुढे इतर सर्व युक्तिवाद लंगडे पडतात, हे आम्हास मान्य आहे. पौषात हापूसच्या झाडावर असतो तो केवळ मोहोर. परंतु खारे वारे व मतलई वारे यांचा धडा ज्याने शाळेत शिकला आहे, त्याने थंडीतील कोकणाचा थोडा विचार करावा. जमीन लवकर तापते व लवकर निवते. पाणी दोन्ही गोष्टी सावकाशीने करते. म्हणून कोयनेच्या खोऱ्यात धुके साचून पहाटे पारा १०-१२ अंशांवर उतरतो, तेव्हा समुद्रकाठी तो १८-१९ च्या आसपास थांबलेला असतो. दुपारी तो ३० पर्यंत चढतो खरा. पण हवा कोरडी असते आणि समुद्रावरून वारा सुटतो. सांधे धरलेल्या वृद्धांस सकाळी नऊपर्यंतचे व सायंकाळी साडेचारनंतरचे तेथील ऊन हे औषधासारखे आहे. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’त शिशिरास स्वतंत्र सर्ग दिला, पण त्यातील माणसे बहुतेक दारेखिडक्या लावून घरातच बसलेली आहेत. कवी समुद्रकाठचा नव्हता, एवढेच त्यावरून म्हणता येईल.

शिवाय ‘ऑफ सीझन’ हा शब्द खोली भाड्याने देणाराचा आहे, समुद्राचा नव्हे. समुद्राचा मोसम हिवाळाच. नारळी पौर्णिमेस सागराची पूजा करून होड्या लोटावयाच्या, आणि पुढला पावसाळा तोंडावर येईपर्यंत दर्या मोकळा. हा क्रम शतकानुशतके चालत आला आहे. मुंबईहून दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशा धक्क्यांस लागणाऱ्या आगबोटीही पावसाळ्यात बंद असत. पोर्तुगीजांचा अल्मेदा आरमार घेऊन दाभोळवर चालून आला व ते भरभराटीचे बंदर जाळून गेला, तोही १५०८ सालच्या डिसेंबरअखेरीस. ज्या देशाच्या किनाऱ्यावर आज इंग्रज हिवाळ्यात गोल्फ खेळतो, त्या देशाची माणसे हिवाळ्यात काय खेळत होती, हे दाभोळकरांस पक्के ठाऊक आहे. असो.

बेत आखताना वारापेक्षा तिथी पाहणे अधिक श्रेयस्कर. कोकणातील कोळ्यांचा एक हिशेब आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास निघतो. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. तिच्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हिशेब ठोकळ आहे, अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडावयाचाच; तथापि घरबसल्या बेत करण्यास तो पुरेसा आहे. आता पौर्णिमा घ्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारच्या सुमारास आणि ओहोटी सायंकाळी साडेपाचास. सूर्य मावळावयाच्या वेळी पाणी दूर गेलेले, ओली वाळू फरसबंदीसारखी घट्ट, आणि पाठीमागे माडांच्या शेंड्यांवरून चंद्र वर येत आहे. जिला काठी टेकीत चालावयाचे आहे तिला मऊ कोरड्या वाळूत दहा पावले टाकणेही कठीण. ओहोटीच्या ओल्या वाळूत ती हवी तेवढी चालेल. म्हणून आम्ही पौष शुद्ध द्वादशीस निघून वद्य द्वितीयेस परतावे, असे योजिले आहे. ज्यांच्या घरी शाकंभरीचे नवरात्र असते, त्यांस मात्र पौर्णिमा घरीच काढावी लागेल. आणि ज्या वर्षी पौष पौर्णिमा इंग्रजी नववर्षाच्या गर्दीत सापडते, त्या वर्षी माघ पौर्णिमा धरावी. हेदवीस दशभुज गणेशाच्या दर्शनास जाणारांनी तेथील बामणघळही पाहावी. खडकाच्या चिरेत लाट शिरून उंच उसळते ती भरतीसच. तेव्हा पौर्णिमेस ते स्थळ दुपारी व गुहागरचा किनारा सायंकाळी, असा मेळ आपोआप जमतो. भरतीच्या वेळी घळीच्या कडेशी मुलांस जाऊ देऊ नये.

पाटणाहून गुहागर सुमारे शंभर-एकशेदहा किलोमीटर. धुके विरल्यावर, नऊच्या पुढे निघावे. मुले बरोबर असली तर वाटेवरचा भूगोल त्यांस अवश्य दाखवावा. महाबळेश्वराहून दक्षिणेस येणारी कोयना हेळवाकापाशी पूर्वेस वळते, पाटणास केरेस पोटात घेते, कऱ्हाडास कृष्णेस मिळते आणि अखेर पूर्वसमुद्रास जाते. परंतु १९५६ ते १९६४ या काळात बांधलेल्या धरणात अडलेले तिचे पुष्कळसे पाणी डोंगरातील बोगद्यांतून उलट पश्चिमेस, घाटाखाली पोफळीच्या वीजघरात उतरते. तेथील चक्रे फिरवून ते वाशिष्ठीत पडते, चिपळुणावरून जाते आणि अंजनवेलच्या गोपाळगडाखालून सागरास मिळते. एकाच नदीचे दोन समुद्रांशी शरीरसंबंध जुळल्याचे हे उदाहरण दुर्मिळ आहे. कुंभार्ली घाट उतरताना ज्यांस मळमळते त्यांस पुढील आसन द्यावे, व लिंबाची फोड सर्वांजवळ असावी. पावसाळ्यात याच घाटात दरडी कोसळतात. २०२१ च्या जुलैत पाटण खोऱ्याने व चिपळुणाने जे भोगले ते कोणी विसरलेले नाही. पौषात तो धाक नसतो.

मुक्कामासंबंधी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. मे महिन्यात दहा-पंधरा माणसांचा घरोबा घेऊन गेले म्हणजे स्वयंपाकघर पाटणाहून उचलून गुहागरास मांडण्यापलीकडे घरातील स्त्रियांच्या वाट्यास काही येत नाही. समुद्र पुरुषांनी पाहावा व त्यांनी फोडणीचा धूर पाहावा. गर्दी नसलेल्या दिवसांत तेथील गृहस्थाश्रमी मंडळीच पाहुण्यांस घरगुती जेवण करून वाढण्यास मोकळी असतात. कुळथाचे पिठले, वालाचे बिरडे, मिळाली तर कुयरीची भाजी, आणि वार पाहून उकडीचे मोदक. खोलीचे भाडेही या दिवसांत उतरते, आणि चार दिवसांचा मुक्काम सांगितला तर आणखी उतरते. मात्र हे बोलणे आधी दूरध्वनीवर स्पष्ट करावे. तळमजल्याची खोली, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचकूप व रात्री पायाखाली उजेड, या तीन गोष्टी वृद्धांसाठी विचारून घ्याव्यात. आमच्या सूनबाईंनी पाटणाहून एकही पातेले न्यावयाचे नाही, असा ठराव मांडला असून तो एकमताने संमत झाला आहे.

अडचण आहे ती मुलांची. ज्याने उभा जन्म हजेरी घेण्यात घालविला, त्याने शाळेच्या दिवसांत नातवंडांस खाडा करावयास लावावा, हे आम्हास रुचत नाही. म्हणून मोठ्यांनी आधी जावे आणि मुलांनी मधल्या शनिवारी येऊन रविवारी परतावे, असा तोडगा निघाला. पण थोरली नात यंदा दहावीस आहे व तिची सराव परीक्षा त्याच सुमारास आहे. तिने येऊच नये, असे तिच्या वडिलांचे म्हणणे. आम्ही म्हणतो की दोन दिवसांत कोणाचा गणिताचा पाया खचत नाही, आणि ऐंशी वर्षांच्या आजीबरोबर समुद्र पाहण्याची परीक्षा पुन्हा घेता येत नाही. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

मुलांसाठी आणखी एक आकर्षण आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे रात्री गुहागरच्या वाळूत अंडी घालण्यास येतात. वेळासास २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने या कासवांच्या रक्षणाचे काम आरंभिले. आता किनाऱ्यावरील अनेक गावांत वनखाते व ग्रामस्थ अंड्यांभोवती कुंपण घालून ती राखतात. अंडी उबण्यास साधारण पन्नास-पंचावन्न दिवस लागतात, त्यामुळे पिल्ले पाहावयाची तर माघ-फाल्गुन अधिक बरा. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली जिच्या पंखावर क्रमांकाची पट्टी लावली होती, अशी एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरास अंडी घालताना आढळली. अंतर सुमारे ३५०० किलोमीटर. पूर्वसमुद्राचा पश्चिमसमुद्राशी संबंध केवळ कोयनाच जोडते असे नाही! रात्री किनाऱ्यावर गेल्यास विजेरी लावू नये व गलका करू नये. कासवीण माघारी फिरते.

पुतण्याने तिकीट काढल्याचे कळविले आहे. इकडे आत्याने परसातील माडाचे दोन नारळ उतरवून, सोलून, शेंडी राखून कोनाड्यात ठेवले आहेत. गुहागरास नारळ काय नेतेस, म्हणून धाकटा नातू हसला, त्यावर ती म्हणाली, “तिथले नारळ तिथल्या देवाला रोजच मिळतात. व्याडेश्वरापुढे माहेरचा ठेवायचा राहिला होता.”