या वयात कशाला?



या वेळी सांडग्यांचं लिहायचं ठरवलं होतं. पण परवा स्वाध्याय सुटल्यावर मंदिराच्या ओट्यावर जे कानावर पडलं, त्यानं डोकं असं फिरलंय की सांडगे राहू देत पुढच्या वेळी.

माझ्या धाकट्या जावेची एक छाती दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे काढली. आता ती प्लास्टिक सर्जनला भेटून येणार आहे, हे कुठून तरी कळलं आणि ओट्यावर चर्चा सुरू झाली. "छप्पन्नाव्या वर्षी आता काय नटायचंय?" "शरीर म्हणजे पुद्गल, त्याचा एवढा मोह कशाला?" "जीव वाचला, हे काय कमी आहे?" मोठी माणसं बसली होती म्हणून मी तोंड मिटून घेतलं. इथे मिटणार नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या मधल्या दिरांना जबड्याचा कॅन्सर झाला. घरात कांदा-लसूण नाही, पण भाऊजींच्या खिशात तंबाखूची पुडी असायची. ऑपरेशनमध्ये खालचा अर्धा जबडा काढला आणि पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड, त्याच्या रक्तवाहिन्या आणि कातडीसकट उचलून तिथं बसवलं. शरीराचा भार मुख्यतः नडगी पेलते, म्हणून ते हाड काढलं तरी माणूस चालू शकतो. दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. पहिले काही दिवस नर्स रात्रंदिवस येऊन रंग बघायची, कारण रक्त अडलं तर सगळं काम वाया. आज भाऊजी मऊ भात, आमटी, शिरा खातात, फोनवर बोललेलं कळतं. त्यांच्या वेळी आपल्यातलं कोणी पुद्गल आठवलं नव्हतं. उलट सगळे म्हणाले, "बाप्या माणूस आहे, चारचौघांत वावरायचंय, तोंड नीट करून घ्यायलाच हवं." तेव्हा त्यांचं वय एकसष्ट होतं.

तुम्ही म्हणाल, जबडा खाण्या-बोलण्याला लागतो, छातीचं तसं नाही. मान्य. पण तुम्ही "चारचौघांत वावरायचंय" म्हणाला होतात, ते कारण तिलाही लागू नाही का? दोन वर्षं ती ब्लाउजमध्ये मऊ चिंध्यांची गादी करून घालते. एकदा पंगतीत वाढताना वाकली आणि गादी सरकली. त्या दिवसापासून तिनं वाढायला येणं सोडलं, मग प्रवचनाला येणंही. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला काही नाही, त्यानं मान-खांदा अवघडतो तो वेगळाच. याला नटणं म्हणायचं?

आता धर्माचं. अनित्य, अन्यत्व, अशुचि या भावना मीही रोज म्हणते. पण त्या स्वतःच्या शरीराविषयी चिंतन करण्यासाठी आहेत. दुसरीच्या शरीराविषयी वैराग्य बाळगणं फार सोपं असतं. आपला गुडघा दुखला की आपण सांधा बदलून घेतो, मोतीबिंदूला नवं भिंग बसवतो, दात पडले की कवळी करतो. तिथं आत्मा आणि शरीर वेगळे असल्याचं कोणाला सुचत नाही. आपल्याकडे वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे अंतरंग तप मानलंय. चार दानांत औषधदान आहे. आणि शब्दानं दुसऱ्याला दुखावणं ही हिंसाच, हे तर आपण मुलांना पाठशाळेत शिकवतो.

ही काही परदेशातून आलेली फॅशनही नाही. सुश्रुताच्या ग्रंथात कापलेलं नाक पुन्हा घडवण्याची रीत आहे. टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रज फौजेकडे कावसजी नावाचा बैलगाडीवान होता. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक केलं. ही हकीकत 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि 1814 मध्ये कार्प्यू या डॉक्टरनं तिथं तसं ऑपरेशन केलं. नाकाच्या कॅन्सरनंतर कपाळाची कातडी आजही वापरतात. कावसजी नाकाशिवायही जगला असताच की. तरी आपण ती गोष्ट अभिमानानं सांगतो.

आता माझा कॉमर्सचा भाग. जावेच्या पॉलिसीवाल्या एजंटानं हात झटकले, "प्लास्टिक सर्जरी बसत नाही." मी पॉलिसीची सगळी पानं वाचून काढली. 2019 साली विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, काय वगळायचं याचे शब्द सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिले. त्यात प्लास्टिक सर्जरी वगळली आहे, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना सोडून. डॉक्टरचा दाखला मात्र लागतो. एजंटानं अर्धं वाक्य वाचलं, आणि आम्हीही दोन वर्षं अर्ध्याच वाक्यावर विश्वास ठेवला. अमेरिकेत तर 1998 च्या कायद्यानं, जी विमा योजना छाती काढण्याचा खर्च देते तिनं पुनर्रचनेचाही दिला पाहिजे, दुसरी बाजू जुळवण्याचाही. तिथल्या कायद्याला ती हौस वाटली नाही.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. पहिल्या ऑपरेशनच्या आधी तिला कोणी विचारलंच नाही. डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि घरातल्या आम्ही, मी धरून, विचारलं नाही. आम्हीही मनात "या वयात कशाला" असंच धरलं होतं.

म्हणून, कोणाच्या घरी ही वेळ आली तर आधीच विचारा. लवकर सापडलेल्या गाठीत बऱ्याचदा छाती राखून ऑपरेशन होतं, आपलं होईल का? काढावीच लागली तर त्याच वेळी पुनर्रचना की नंतर? पोटाची कातडी-चरबी, पाठीचा स्नायू की सिलिकॉन? पुढे रेडिएशन असेल तर सिलिकॉनभोवती कडकपणा येण्याचा धोका वाढतो. सिलिकॉनसोबत कधी कधी जाळी लावतात, ती डुकराच्या किंवा गाईच्या कातडीपासूनही बनते, हे आपल्या लोकांनी आवर्जून विचारावं. स्वतःच्या शरीराचा भाग वापरला तर सहसा तिची गरज पडत नाही. मधुमेह असेल तर जखम भरायला काय अडचण येईल? पुनर्रचनेनं कॅन्सर उलटतो, ही भीती अभ्यासांनी खरी ठरवलेली नाही. पण नव्या छातीला पहिल्यासारखी संवेदना नसते आणि ऑपरेशन मोठं असतं, हेही ऐकून घ्यावं.

हे सगळं ऐकून एखादी "नको" म्हणाली, तर तेही तितकंच बरोबर. सपाट छातीनं ताठ मानेनं वावरणाऱ्या बाईला माझा नमस्कार. कापसाचा किंवा सिलिकॉनचा बाहेरून घालायचा पॅडही मिळतो. पण "नको" तिनं म्हणायचं असतं, ओट्यावरच्यांनी नाही.

पुढच्या बुधवारी मी जावेबरोबर जाणार आहे. फाइल, पॉलिसी आणि प्रश्नांची वही पिशवीत भरून ठेवली आहे. ती काय ठरवेल, मला ठाऊक नाही. तोवर ती मंदिरात आली तर तिला जागा द्या, वाढायला बोलवा, आणि तिच्या शरीराविषयी काही बोलू नका. माझ्या बोलण्यानं कोणी दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.