सही झाली, तपासणीचे काय?

पेण-रोह्याच्या माणसाला विमान आता परके राहिलेले नाही. पूर्वी आखातात नोकरीला निघालेल्या मुलाला सोडायला घरची मंडळी गाडी करून सहारला जात. २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्याच जिल्ह्यातल्या नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली आहेत. "डॉक्टर, विमानाने गेलो तर चालेल ना?" हा प्रश्न दम्याचे आणि हृदयविकाराचे रुग्ण आता ओपीडीत सहज विचारतात. त्यांच्या फुप्फुसांची तपासणी मी करू शकतो. ज्या विमानात ते बसणार, त्याची तपासणी नीट झाली आहे की नाही, हे मात्र त्यांनाही कळत नाही आणि मलाही.

विमान ३५ हजार फुटांवर असते, तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक चतुर्थांश असतो. म्हणून केबिनमध्ये दाब वाढवून हवा सोडतात. तरीही आत बसलेल्या माणसाला सुमारे आठ हजार फुटांपर्यंतच्या, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दीडपट उंचीवरच्या हवेइतकाच दाब मिळतो. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. पण त्या उंचीवर दाब एकाएकी गेला, तर शुद्धीवर राहून काही करायला माणसाला अर्धा ते एक मिनिटच मिळते. ऑक्सिजन कमी पडला की माणूस घाबरतो, असेही नाही. करोनाच्या दिवसांत ऐंशीच्या खाली सॅच्युरेशन असताना फोनवर निवांत बोलणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. मेंदू मंदावत असतो आणि माणसाला आपण ठणठणीत आहोत असे वाटत असते. म्हणूनच मास्क आधी स्वतःला लावा, मग शेजारच्या मुलाला, असे सांगतात.

याची चुणूक मुंबईने पाहिली आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी जेट एअरवेजचे मुंबई-जयपूर विमान १६६ प्रवाशांना घेऊन उडाले. केबिनमधला दाब राखणाऱ्या यंत्रणेचा स्विच चालू करायचा राहून गेला होता. मास्क खाली आले, तीसएक प्रवाशांना नाका-कानातून रक्त येणे, कान दुखणे असा त्रास झाला आणि विमान मुंबईला परतले. सगळे वाचले.

सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या हेलिऑस कंपनीच्या विमानातले १२१ जण असे सुदैवी नव्हते. १४ ऑगस्ट २००५ची ही घटना. आदल्या रात्री देखभाल करणाऱ्यांनी दाबाची चाचणी घेताना एक बटण 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर केले आणि ते तसेच राहिले. सकाळी वैमानिकांच्या तपासणी यादीतूनही ते निसटले. धोक्याचा भोंगा वाजला, तो दुसऱ्याच कशाचा तरी आहे असे वैमानिकांना वाटले आणि कारण सापडण्याआधी ते बेशुद्ध पडले. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन सुमारे बारा मिनिटे पुरतो. तेवढ्या वेळात विमान खाली आणायचे असते, पण आणणारे शुद्धीवर नव्हते. इंधन संपेपर्यंत विमान आपोआप उडत राहिले.

या घटनेत मला आमच्याच पेशाची ओळख पटते. मी नवखा वैद्यकीय अधिकारी असताना एका तालुक्याच्या रुग्णालयात रात्री मण्यार चावलेला रुग्ण आला. श्वास बंद पडत होता. श्वासनलिकेत नळी घालायला लॅरिंगोस्कोप उघडला, तर त्याचा दिवा लागेना. दुसरा सापडेपर्यंत आम्ही आळीपाळीने अंबू बॅग दाबत राहिलो. रुग्ण वाचला. नंतर नोंदवही पाहिली, तर त्याच सकाळची नोंद होती: 'चालू'. खाली सही. सही करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. रोज चालू असते, म्हणून आजही असेल, असे त्याने धरले होते. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत काम केलेल्यांनाही ही सवय आणि तिचा धोका वेगळा सांगायला नको.

आता आपल्या विमानांकडे पाहू. १२ जून २०२५च्या अहमदाबाद अपघातात २६० माणसे गेली. त्याच्या कारणांचा निवाडा चौकशीने करायचा आहे, त्याबद्दल इथे तर्क नको. पण त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने म्हणजे डीजीसीएने दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर पाहणी केली, तेव्हा जे आढळले ते चौकशीअभावी अडलेले नाही. नोंदवलेले बिघाड त्याच विमानात पुन्हा पुन्हा उद्भवत होते. काही ठिकाणी सीटखालची लाईफ जॅकेट जागेवर नीट बसवलेली नव्हती. झिजलेल्या टायरमुळे एक उड्डाण रोखावे लागले. विमानाने दाखवलेले बिघाड इंजिनीअरने नोंदवहीत लिहिलेच नव्हते. त्याच सुमारास आणखी एक बाब उघड झाली. आणीबाणीत प्रवासी उतरवणाऱ्या घसरगुंड्यांच्या तपासणीची मुदत टळूनही तीन एअरबस विमाने उडवल्याबद्दल डीजीसीएने एअर इंडियाला ताकीद दिली होती. निम्मे दरवाजे बंद असले तरी सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत, या निकषावर विमान मंजूर होते. तो निकष या घसरगुंड्यांच्या भरवशावर उभा आहे.

मास्क, जॅकेट, घसरगुंडी यांच्याविना विमान रोज सुखरूप उडते आणि उतरते. यातच खरी मेख आहे. इंजिन बिघडले तर लगेच कळते. ही साधने बिघडली तर ती लागतात त्या दिवशीच कळते. त्यांचा आधार फक्त वेळच्या वेळी होणारी तपासणी.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. डीजीसीएची निम्म्याहून अधिक पदे रिकामी असल्याकडे संसदीय समितीने २०२५ मध्ये बोट ठेवले होते. ती भरल्याशिवाय कंपन्यांच्या नोंदवह्या पडताळणार कोण? दुसरे म्हणजे, पाहणीत सापडलेले दोष कंपनीच्या नावासह जाहीर व्हावेत. 'काही ठिकाणी आढळले' एवढ्यावर प्रवाशाने तिकीट कशाच्या आधारे काढायचे? आणि 'हे विमान आज उडणार नाही' असे सांगणाऱ्या इंजिनीअरला उशिराचा जाब विचारला जाऊ नये.

आपल्या हातीही थोडे आहे. बसल्यावर सीटखाली हात घालून जॅकेट आहे का ते चाचपा, नसेल तर हवाई सेविकेला सांगा. दरवाजा किती रांगा पुढे-मागे आहे ते मोजा. उड्डाण उशिरा होतेय कारण दुरुस्ती चालू आहे, असे कळले तर आरडाओरडा करू नका. तो उशीर म्हणजे कुणीतरी सही करण्याआधी खरोखर तपासले, याची खूण असते.